बाजूचा उजेड

जाईबाई : आन् ह्यो डालड्याचा डबा कशापायी आणलाइस?

बन्सी : उजेड कोंडायला, मावशी. बघा की. बुडाला भोक पाडून आत फ्लॅशची वाटी बसवलीया. आतनं सिगारेटच्या पाकिटातली चांदी डकवलीया. तोंडाला काळा कागद, मधी बोटभर फट. बल्ब उडला की उजेड चहूकडं सांडायचा न्हाई. ह्या फटीतनं पात्यासारखा निघंल.

जाईबाई : गेल्या बारीला डबा नव्हता.

बन्सी : न्हाई.

जाईबाई : गेल्या बारीला बापूसाहेब पाटलांच्या जीपमधनं आलतास. बत्ती क्यामेऱ्याच्या डोस्क्यावर. ह्या हिरीतल्या दगडाम्होरं हुबा ऱ्हायलास, झकाक केलंस आन् गेलास. त्यो फोटू शिरूरला मामलेदाराच्या फायलीत हाय. त्यात दगड कोरा. म्हून आता म्हनत्यात, हीर पाटलांची, जाईबाईची आजेसासू सखू खोटी, तिचा नवरा राणू खोटा, समदी वस्ती खोटी.

बन्सी : म्हणून तर आलोय आज.

जाईबाई : माझा मच्छिंद्र कारखान्यातनं सुट्टी काढून चार येळा तुझ्या दुकानी आला, तवा आलास.

बन्सी : पायाखाली बघा. शेवाळ हाय पायरीला.

जाईबाई : ह्या पायऱ्या मला नको दावू. चाळीस वर्सं उतरतीया. सतरावीच्या उजव्या अंगाला दगड हाय, कमानीखाली. तितं कवाच ऊन पडत न्हाई.

बन्सी : पडलं असतं तर डबा लागलाच नसता. सकाळच्या तिरक्या उन्हात आपसूक दिसलं असतं सगळं. थांबा इथंच. घोंगडी द्या ती.

जाईबाई : थंडी वाजती व्हय तुला, चैतात?

बन्सी : ही समोरची भिंत चुन्यानं पांढरी हाय. उजेड तिच्यावर आपटून माघारी आला तर दगडातल्या खाचा भरून काढंल. खाचेत काळोखच राहिला पायजे, तवा अक्षर उठतं. म्हणून भिंतीला घोंगडी टांगायची. धरा ते टोक. हां. आता हा आरसा बघा.

जाईबाई : सायकलीचा हाय.

बन्सी : सायकलीचाच. त्या खालच्या पायरीवर वीतभर ऊन आलंय, ते ह्याच्यात धरतो आन् दगडावर सोडतो. पहिल्यांदा समोरनं. काय दिसतंय?

जाईबाई : दगड.

बन्सी : आता आरसा भिताडाला लावतो. असा, दगडाला घासून गेल्यागत. आता?

जाईबाई : थांब. हलवू नगंस.

बन्सी : दिसलं?

जाईबाई : वर कायतरी हाय. गोल हाय. बाजूला काठी हाय. बन्सी, ते हाय की रं अजून.

बन्सी : हाय. काळा दगड, घासणाऱ्याचे हात दमले असतील. निम्मंच घासलंय.

जाईबाई : आमी समदी तळ्याच्या कामावर खडी फोडत हुतो, दुष्काळात. तवा घासलं. सांजच्याला आलो तर दगड पांढरा, ताज्या खरवडल्याचा. मी म्हनलं कुणी केलं, तर म्हनले कुणीच न्हाई. मग ह्या आरशातच काढ की फोटू.

बन्सी : आरशाचा उजेड तळहाताएवढा. सगळा दगड एकदम उजळत न्हाई, आन् माझा हात हलतो. आरसा नुसता जागा शोधायला. जागा कळली. हितं, भिंतीपासनं चार बोटं, दगडाच्या डाव्या अंगाला. तिथं डबा धरायचा. ही वायर क्यामेऱ्यापतूर जाते. रेडिओवाल्याकडनं बारा फूट जोडून घेतलीया. मी खटका दाबला की डब्यात बल्ब उडंल.

जाईबाई : धरायचा कुणी?

बन्सी : तुम्ही.

जाईबाई : मी?

बन्सी : दुसरं कोण हाय? वस्तीतनं चार माणसं आणली असती तर वाड्यावर बातमी गेली असती. आज बाजार हाय, सगळे शिरूरला गेल्यात, तोवर उरकायचं. डबा हलू द्यायचा न्हाई. आन् डबा कसा बी वळला तरी त्याचं तोंड तुमच्या तोंडाकडं नको. एखादा बल्ब फुटतो.

जाईबाई : किती हायेत असले बल्ब?

बन्सी : तीन. पुण्याहून येतात. एक उडला की गेला, परत पेटत न्हाई.

जाईबाई : मंजी तीनदाच.

बन्सी : तीनदाच. आन् दगडाला हात लावू नका. धूळ सुदिक पुसायची न्हाई. उद्या म्हणतील, ह्यांनीच छिन्नी मारली.

जाईबाई : हे असं बाजूनं दिवा धरायचं कुणी शिकवलं तुला?

बन्सी : दौंडला फर्नांडिस मास्तर होते. रेल्वेच्या कामाचे फोटो काढायचे. लोखंडाला केसाएवढी चीर गेली तर ती डोळ्याला दिसत न्हाई. मास्तर म्हणायचे, चीर बघायची असंल तर दिवा बाजूला धर, चीर झाकायची असंल तर समोर धर. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होतो.

जाईबाई : दोन वर्सं.

बन्सी : डबा वर घ्या. अजून. बास. श्वास रोखा.

जाईबाई : रोखला.

बन्सी : आता.

जाईबाई : आगं आई.

बन्सी : हललात.

जाईबाई : डोळ्याम्होरं समदं हिरवं झालं रं.

बन्सी : हात पुढं आला तुमचा, मावशी. डब्याचं तोंड दगडाकडं वळलं. उजेड समोरनं पडला असणार. हा गेला. दोन राहिले. दमलात का?

जाईबाई : दमली. तरी धरीन. दुसरा लाव.

सर्जेराव : कोण हाय खाली?

बन्सी : सर्जेराव. बापूसाहेबांचा धाकटा भाऊ. मावशी, बोलू नका.

जाईबाई : का बोलू नगं? मी हाय, पाटील. जाईबाई. माझ्या हिरीत हाय.

सर्जेराव : विहीर कुणाची ते सोमवारी मामलेदार साहेब सांगतील. आत्ता खालनं लखाकलं ते काय होतं? आन् संगं कोण हाय?

बन्सी : मी हाय, पाटील. बन्सी, फोटोवाला.

सर्जेराव : बन्सी? वा. आमच्या पुतण्याच्या लग्नाचा आल्बम महिना झाला मागतोय, तुला सवड न्हाई. आन् हितं विहिरीत बसून काय चाललंय? ये वर.

बन्सी : पाच मिनिटं.

सर्जेराव : पाच मिनिटं न्हाई. बापूसाहेब सोसायटीचे चेअरमन हायेत. सोसायटीचा कार्यक्रम असो, शाळेचं ग्यादरिंग असो, चार गावची लग्नं असोत, सगळीकडं तुझंच नाव कोण सांगतं? हे तुला विहिरीत उतरताना आठवलं न्हाई?

बन्सी : आठवलं.

सर्जेराव : मग?

बन्सी : सतरा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीला आठवलं.

सर्जेराव : हे बघ, वर आमच्या पाण्याच्या इंजिनापाशी माझे दोन गडी उभे हायेत. विहीर जुनी, शेवाळ धरलेली. क्यामेरा हातातनं निसटला तर निसटला. कुणाला काय म्हणता येणार हाय?

जाईबाई : आन् मी?

सर्जेराव : तुम्ही मधी पडू नका, जाईबाई.

जाईबाई : मी मधी न्हाई पडली. मी हितंच हाय. गड्यास्नी धाडायचं तर धाडा. म्हातारीच्या हातनं डबा हिसकला म्हून गावात सांगतील ते. गडी काय पोटात ठेवत न्हाईत.

सर्जेराव : गडी न्हाई येत. मीच येतो.

बन्सी : मावशी, डबा माझ्याकडं द्या. तुम्ही वर जावा.

जाईबाई : तू गप. बल्ब बसव.

सर्जेराव : हं. अशी भानगड हाय तर. घोंगडी, डबा, वायर. जादूचे प्रयोग लावलेत का?

बन्सी : उजेडच हाय, पाटील.

सर्जेराव : उजेड. जाईबाई, तुम्हाला एक गोष्ट ठाऊक हाय का? हा तुमचा बन्सी. पहिला फोटो काढायला मीच ह्याला जीपमधनं आणला होता. तवा हा काय म्हणाला, विचारा त्याला.

बन्सी : पाटील, नको.

सर्जेराव : का नको? माझ्यावर बोट दाखवायला आलायस, मग तुझं बी उघडं पडू दे. हा दगडावर हात फिरवून म्हणाला, पाटील, असं समोरनं घेतलं की काय दिसायचं न्हाई. दगड तुळतुळीत येईल. माझे शब्द न्हाईत हे. ह्याचे.

जाईबाई : बन्सी.

बन्सी : मावशी.

जाईबाई : खरं हाय?

बन्सी : हाय.

जाईबाई : तवा तुला दिसलं हुतं?

बन्सी : दिसलं नव्हतं. बोटाला लागलं होतं.

जाईबाई : बोटाला लागलं हुतं.

बन्सी : वरची ओळ. खाच होती. मी हात काढून घेतला आन् क्यामेऱ्यावर बल्ब लावला.

जाईबाई : माझ्या मच्छिंद्राला म्हनलास, चुकून तसा आला फोटू.

बन्सी : व्हय.

जाईबाई : आपल्यातला हाइस तू. तुझी आई न्हावऱ्याच्या वस्तीतली, तिला मी वळखत हुते. म्हून तुझ्या दुकानी धाडला पोराला. दुकानाच्या पाटीवर तू आडनाव लिवलं न्हाईस, ते बी मी मनाला लावून घेतलं न्हाई. म्हनलं, असंल पोटासाठी.

सर्जेराव : मग आता कशाला हा तमाशा? पहिला फोटो त्याचा, दुसरा बी त्याचा. वकील विचारणार, खरा कुठला? माणूस एकदा विकला गेला की त्याच्या पुराव्याला काय किंमत? चला वर. म्हातारीला मी हात धरून नेतो.

जाईबाई : मला कुणाचा हात नगं. पाटील, तुमी शिकल्याले हायसा. हितवर आलायसा तर येक काम करा. मला अक्षर येत न्हाई. ह्या बन्सीवर आता माझा इस्वास न्हाई. तुमी वाचा.

सर्जेराव : काय वाचू? दगड कोरा हाय.

जाईबाई : बन्सी, आरसा धर.

बन्सी : ऊन सरकत चाललंय.

जाईबाई : हाय तवर धर. भिताडाला लावून, मगाशी धरला हुतास तसा. पाटील, म्होरं या.

सर्जेराव : हे बघा, मला ह्यात...

जाईबाई : कोरा हाय तर वाचायला भ्या कशाचं?

सर्जेराव : आण तो आरसा जवळ. कुठं?

बन्सी : हितनं. डावीकडनं उजवीकडं.

सर्जेराव : स. स... खू. सखू. पुढं भ्र. भ्रतार असंल. राणू म... महार.

जाईबाई : म्होरं.

सर्जेराव : दुसरी ओळ. इने... आपले जागेत... विहीर बांधली. शके अठराशे... तेहतीस.

जाईबाई : आपले जागेत. ऐकलंस, बन्सी? माझी सासू ह्येच म्हनायची. मोडली ती चांदी सखूची, हात राणूचा. रेल्वेच्या पुलावर दगड घडवायला शिकला आन् घरी येऊन हिरीला लावला. दोनच वळी हायेत, म्हनायची.

बन्सी : तीन हायेत.

जाईबाई : दोन.

बन्सी : खाली अजून एक हाय. गाळाच्या रेघेखाली. ती घासलेलीच न्हाई, नुसते क्षार बसलेत. आरसा खाली घेतो. पाटील, बघा.

सर्जेराव : सा... क्ष. साक्ष.

जाईबाई : कुणाची?

सर्जेराव : को...

जाईबाई : पाटील?

सर्जेराव : आरसा हलवू नको रं.

बन्सी : न्हाई हलवत.

सर्जेराव : कोंडिबा पाटील.

जाईबाई : कोण म्हनलासा?

सर्जेराव : आमचा आजा.

जाईबाई : ही वळ मला ठावक नव्हती. आईच्यान सांगते, मला कुणी सांगितली न्हाई.

सर्जेराव : आजा ह्या विहिरीत कधी उतरला न्हाई. मी ल्हान होतो. काठावर उभा राहायचा, मला म्हणायचा, खाली जायचं न्हाई, ती आपली न्हाई. मला वाटायचं, इटाळामुळं म्हणतोय.

बन्सी : ऊन गेलं. आता आरशात काय गावणार न्हाई.

सर्जेराव : बापूसाहेब म्हणतात, विहीर आमच्या वडिलांनी खणली. आजानं साक्ष घातल्यावर वडिलांनी कशी खणली?

जाईबाई : ते तुमी घरात इचारा. बन्सी, बल्ब.

बन्सी : लावलाय. डबा धरा. चार बोटं. कोपर भिंतीला टेकवा, म्हणजे हात हलणार न्हाई. श्वास.

जाईबाई : रोखलाय.

बन्सी : आता. ...न्हाई उडला.

जाईबाई : मंजी?

बन्सी : बल्ब खराब. आता एकच हाय. थांबा, ह्या शेवटच्याच्या बुडाला थुंकी लावतो, कधीकधी तेवढ्यानं पेटतो. वायरीची जोडणी बी बघतो. धरा.

जाईबाई : धरलाय.

बन्सी : पाटील.

सर्जेराव : काय?

बन्सी : तुम्ही डब्याच्या आन् दगडाच्या मधी उभे हायसा.

सर्जेराव : माहीत हाय.

बन्सी : सरा असं म्हणत न्हाई मी. सावली पडते एवढंच सांगतोय.

जाईबाई : माझा हात भरून आला, पाटील. काय करायचं ते करा. डबा फोडायचा तर फोडा, पर बिगीनं.

सर्जेराव : वर जाऊन मी बापूसाहेबांना काय सांगू?

जाईबाई : दगड जितं हुता तितंच हाय म्हून सांगा.

सर्जेराव : किती सरू?

बन्सी : दोन पावलं. घोंगडीच्या अंगाला. तुमचा सदरा पांढरा हाय, घोंगडीमागं उभे राहिलात तर बरं.

सर्जेराव : हं. उभा राहिलो.

बन्सी : मावशी, श्वास.

जाईबाई : मगापास्नं घेतलाच न्हाई.

बन्सी : आता.

सर्जेराव : उडला.

बन्सी : उडला.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. शिरूर. बन्सीच्या स्टुडिओमागची अंधारी खोली, लाल दिवा.)

जाईबाई : ह्यात पानी हाय का?

बन्सी : औषध हाय. बोट घालू नका. कागद नुसता हलवत राहायचा.

जाईबाई : काय बी दिसत न्हाई.

बन्सी : येईल. पहिला बल्ब सपाट आला. बघायचा तर बघा, फायलीतल्या फोटोचाच भाऊ. हा शेवटचा.

जाईबाई : रातभर झोप आली न्हाई मला. वाटायचं, पाटील परत येईल आन् दगडच उपटून नेईल.

बन्सी : मलाही आली न्हाई.

जाईबाई : तुझं येगळं कारण.

बन्सी : व्हय. वेगळं.

जाईबाई : काळं व्हाय लागलं, बन्सी. खालनं वर येतंय.

बन्सी : थांबा. अजून थोडं. आता ह्या दुसऱ्या ताटात. बघा.

जाईबाई : अक्षर हाय ना?

बन्सी : हाय. नीट वाचता येतंय, मावशी. तिन्ही ओळी. दगडाचा रवा न् रवा उठलाय.

जाईबाई : मला वाचता येत न्हाई म्हून तू काय बी सांगशील.

बन्सी : न्हाई सांगणार.

जाईबाई : कालपतूर मी असं म्हनली नसती. सखू कुटं हाय, त्यावर माझं बोट ठेव.

बन्सी : ओला हाय कागद.

जाईबाई : धरून ठेव, पर टेकवू नगंस. वरनंच दाव.

बन्सी : हा स. हा खू. इथनं इथवर सखू.

जाईबाई : येवडंच?

बन्सी : एवढंच. दोनच अक्षरं.

जाईबाई : आन् म्हार कुटं लिवलंय?

बन्सी : इथं. पहिल्या ओळीच्या शेवटाला.

जाईबाई : आता आमी बुद्ध हाओत. जयभीमवाले. पर राणूनं तवा जे हुतं ते लिवलं, लपवलं न्हाई. दगडात लिवलं.

बन्सी : उद्या मी साक्षीला येतो.

जाईबाई : तुझी साक्ष नगं. फोटू दे.

बन्सी : फोटो एकटा टिकणार न्हाई, मावशी. वकील पहिला फोटो पुढं करंल. मला यावंच लागंल.

जाईबाई : तितं सर्जेरावानं सांगितलं तर? हिरीत सांगितलं तसं?

बन्सी : त्याच्या आधी मीच सांगेन.

* * *

जाईबाई : पानी पी. तोंड वाळलंय तुझं. कचेरीच्या पायरीवर बस हितं.

बन्सी : मच्छिंद्र कुठं गेला?

जाईबाई : नकलेचा अर्ज द्यायला. बन्सी, तू येवडं बोलायला नगं हुतंस. भर कचेरीत.

बन्सी : वकिलानं विचारलं, क्यामेरा एक, माणूस एक, दगड एक. मग दोन्हीतला खोटा फोटो कुठला?

जाईबाई : ऐकलं मी.

बन्सी : मी म्हणलं, दोन्ही खरे. उजेड खोटा होता. आन् तो मी समजून उमजून तसा लावला, काय दिसू नये म्हणून.

जाईबाई : आन् बापूसाहेब? मला मागनं दिसले न्हाईत.

बन्सी : माझ्याकडं बघत पण नव्हते. छताकडं बघत होते. सर्जेराव आलेच न्हाईत.

जाईबाई : न्हाई आला. वकील तर म्हनला, ह्यो डब्याचा खेळ हाय, डब्यात काय बी रंगवून दगडावर पाडता येतं. तवा साहेब काय म्हनला? मला इंग्रजी मिसळल्यालं कळलं न्हाई.

बन्सी : साहेब म्हणाले, बुधवारी मी स्वतः विहिरीवर येतो. पंचनामा माझ्यासमोर होईल. फोटोग्राफरनं डबा घेऊन यावं, पण डबा माझा शिपाई धरील. आन् तोवर विहिरीवरचं इंजिन बंद राहील, सील लावून.

जाईबाई : इंजिन बंद.

बन्सी : व्हय.

जाईबाई : मंजी उद्या पहाटं बाया पान्याला आल्या तर कुणी हटकायचं न्हाई?

बन्सी : निदान बुधवारपतूर न्हाई. पुढचं दगडावर.

जाईबाई : दगड काय बदलत न्हाई. तुझं काय?

बन्सी : कचेरीतनं बाहेर पडताना सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. वैशाखातली तीन लग्नं दुसऱ्याला दिलीत म्हणाले. शाळेचं बी.

जाईबाई : येवड्यात?

बन्सी : माणूस कचेरीतनं बाहेर यायच्या आधी बातमी येते, मावशी.

जाईबाई : मी तुला माफ केलं असं म्हननार न्हाई.

बन्सी : म्हणू नका.

जाईबाई : तुझ्या त्या फोटूनं आठ म्हैने आमच्या बाया घोड नदीवर गेल्या पान्याला. दीड कोस. कुशाबाईचं पोट त्यातच पडलं. त्ये माझ्या जिवातनं जायचं न्हाई.

बन्सी : मला कुणी सांगितलं नव्हतं.

जाईबाई : तू इचारलं न्हाईस. उठ आता. यष्टी चुकंल माझी. बुधवारी येशील तवा दुकानातनं न जेवता ये. वस्तीत जेवायचं.

बन्सी : येतो.

जाईबाई : आन् बल्ब जास्ती आण.

* * *

बन्सी : या, पाटील. बसा. बऱ्याच दिवसांनी.

सर्जेराव : बसायला न्हाई आलो. दिवाळीची गर्दी असंल तुला.

बन्सी : दौंडहून येतात आता काही गिऱ्हाइकं. रेल्वे क्वार्टरमधली. आन् आमच्या वस्त्यांमधली. लग्नं न्हाईत, पण चाललंय.

सर्जेराव : पाटी नवी केलीस.

बन्सी : व्हय. आडनावासकट.

सर्जेराव : वाचली. विहिरीचा निकाल लागला, कळलं असंल.

बन्सी : मच्छिंद्र येऊन सांगून गेला. वस्तीच्या नावानं नोंद झाली.

सर्जेराव : बापूसाहेब अपील करणार होते. मी सही दिली न्हाई. सामायिक खातं हाय, माझ्या सहीबिगर होत न्हाई. तेव्हापासनं आम्ही एका चुलीवर जेवत न्हाई.

बन्सी : हे मला ठाऊक नव्हतं.

सर्जेराव : ठाऊक व्हायचं कारण न्हाई. तो दगड घासायला पाथरवट मीच आणला होता, बन्सी. हे तरी ठाऊक हाय का?

बन्सी : वाटलं होतं.

सर्जेराव : वरनं सुरुवात कर म्हणालो मी त्याला. खाली गाळ होता, म्हणून खालची ओळ राहिली. गाळ नसता तर आजाचं नाव मीच पुसलं असतं, न वाचता.

बन्सी : मी वाचूनच झाकलं, पाटील. बोटानं.

सर्जेराव : हं. त्या फोटोची निगेटिव्ह हाय तुझ्याकडं?

बन्सी : हाय.

सर्जेराव : मला एक कॉपी पायजे.

बन्सी : नुसती खालची ओळ करू का? आजाच्या नावाची?

सर्जेराव : न्हाई. पुरा दगड. एकट्या साक्षीला काय अर्थ हाय?

बन्सी : किती मोठी करू?

सर्जेराव : घरात भिंतीला लावता यायची न्हाई. खिशात मावंल एवढी कर.